पाणी खाली गेलं, आपण कुठवर जायचं?

होळी झाली की जिल्ह्या-तालुक्याच्या गावांतून एक आवाज हमखास ऐकू येऊ लागतो. बोअर मारणाऱ्या गाडीचा! रात्रभर कुणाच्या तरी अंगणात ती घरघरत असते आणि सकाळी शेजारणीच्या तुळशीवर, दोरीवरच्या कपड्यांवर राखाडी भुकटी बसलेली असते. तुम्ही मराठवाड्यातल्या असा की सोलापूर-सांगोल्याकडच्या, हा अनुभव तुम्हांला नवा नाही.

मग एक दिवस तो प्रश्न आपल्याही घरी येतो. ‘आपला दोनशे फुटांचा बोअर आटला. आता पाचशेपर्यंत जाऊ या का?’ पैसा बहुधा भिशीतून, नाहीतर पाटल्या मोडून उभा राहतो. म्हणूनच हा विषय नुसता यजमानांचा नि पाणाड्याचा नव्हे, तुमचाही आहे. ‘हो’ म्हणण्याआधी आपल्या पायांखाली काय चाललं आहे, ते जरा पाहू या.

पाटा आणि स्पंज

जमिनीखाली भलंमोठं तळं असतं, नळी पोहोचली की झालं, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर साचून तो झाला. वरचा झिजलेला मुरूम स्पंजासारखा. पावसाचं पाणी त्यात मुरतं. खालचा दगड मात्र आपल्या पाट्यासारखा. पाट्याला तडा असेल तरच त्यात पाणी शिरणार! ही भेगांतली शिल्लक थोडी असते आणि ती भरायला फार काळ लागतो. खोल जाणं म्हणजे वाण्याकडचं सामान संपलं म्हणून मुदतठेव मोडून खाण्यासारखंच.

शिवाय ही ठेव एकट्याच्या नावावर नसते. एका शहाळ्यात चौघांनी नळ्या घातल्या, तर लांब नळीवाल्याला शेवटचा घोट मिळतो. पण म्हणून शहाळ्यातलं पाणी वाढत नाही. तुम्ही पाचशे फूट गेलात की शेजारी सातशे जाणार. मग पुन्हा तुम्ही!

हे झालं कसं?

१९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव यंत्राने भोकं पाडून हापसे बसले. हंडा घेऊन कोसभर चालणाऱ्या बायांचा दुवा त्यांना मिळाला, तो योग्यच होता. पुढे विजेची मोटर आली, नगदी पिकं आली, ऊस आला. देशात जमिनीखालून उपसलेल्या पाण्यापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी शेतीलाच लागतं. तेव्हा ‘बायका भांडी घासताना पाणी सांडतात, म्हणून दुष्काळ पडतो’ असं कुणी म्हटलं, तर हा आकडा खुशाल सांगा.

कायदे झाले नाहीत असंही नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरांच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, असं १९९३ च्या कायद्याने सांगितलं. २००९ च्या कायद्याने शेती नि उद्योगासाठी ६० मीटर वा त्याहून खोल विहिरींना मनाई केली. पण रात्रीच्या अंधारात उभी राहणारी गाडी कायद्याची पुस्तकं थोडीच वाचते!

शेवट काय होतो, ते लातूरने दाखवलं. मांजरा धरण कोरडं पडलं, बोअर आटले. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. एवढ्या मोठ्या शहराची तहान त्यावर कितीशी भागणार?

खोल पाण्याची चव

आणखी एक गोष्ट स्वयंपाकघरातली. बोअरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पांढरे थर धरतात, असं होत असेल तर पाण्यात क्षार फार आहेत. काही भागांत खोल पाण्यात फ्लोराइडही जास्त असतं. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडू लागले, तर दुर्लक्ष करू नका. पुढे हाडं नि सांधे धरतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही बरं का! सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासून घेणं हाच उपाय.

आधी भरा, मग उपसा

मग करायचं काय? पागोळ्यांचा हिशेब मांडा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमची गच्ची ५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी २५ हजार लिटरहून अधिक पाणी हाती येतं. पिण्या-रांधण्याला रोज शंभर लिटर धरलं, तर आठ महिन्यांची बेगमी!

ते टाकीत साठवा, किंवा खडी-वाळूच्या गाळणीतून बोअरमध्ये सोडा. गच्ची पावसाआधी झाडून घ्या, पहिल्या सरींचं पाणी बाहेर जाऊ द्या. मोरीचं किंवा न्हाणीचं पाणी मात्र चुकूनही बोअरमध्ये सोडू नका. ते परसातल्या केळी-अळूला द्या. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा.

आणि दुधाच्या खाड्यांशेजारी एक नोंद ठेवा: मोटर किती मिनिटांनी हवा ओढते? दिवाळीत वीस मिनिटं चालणारी मोटर संक्रांतीला बारावर आली, तर बागेचं पाणी तेव्हाच कमी करा. चैत्रापर्यंत थांबू नका.

असा हिशेब एका अख्ख्या गावाने ठेवला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पाऊस जेमतेम, पण १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने बांध घातले, झाडं जपली, शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं, ऊस-केळी टाळली. दरवर्षी विहिरींची पातळी पाहून ठरतं, यंदा कुठलं पीक परवडेल. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवायला नको. आधी आवक, मग खर्च!

तेव्हा यंदा घरात बोअरची गोष्ट निघाली, तर पाटल्या कपाटातच राहू द्या. आधी गच्चीचा पाइप खाली आणवा. हळदीकुंकवाला जमाल, तेव्हा आळीतल्या पाचजणींनाही सांगा. कारण एका घराने भरलेलं पाणी शेजारच्या बोअरलाही मिळतं, आणि शेजारणीने भरलेलं तुमच्या.