फिल्म कॅमेऱ्यांची विक्रीपश्चात सेवा

फिल्म कॅमेऱ्यांची विक्रीपश्चात सेवा म्हणजे फिल्मवर छायाचित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी उत्पादक कंपन्यांनी विक्रीनंतर पुरवलेली दुरुस्ती, देखभाल व सुट्या भागांची सोय होय. डिजिटल कॅमेऱ्यांच्या प्रसारानंतर बहुतेक कंपन्यांनी फिल्म कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबवले आणि वापरात असलेल्या कॅमेऱ्यांच्या भवितव्याचा प्रश्न निर्माण झाला. ही सेवा किती काळ मिळेल, हे कंपनीच्या आर्थिक स्थितीइतकेच सुट्या भागांच्या साठ्यावर व कॅमेऱ्याच्या रचनेवर अवलंबून असते.

उत्पादकांची माघार

जपानमधील क्योसेरा कंपनीने २००५ मध्ये काँटॅक्स कॅमेऱ्यांचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. जानेवारी २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाने कॅमेरा व्यवसायातून माघार घेतली. तिच्या डिजिटल एसएलआर व्यवसायातील काही मालमत्ता सोनीकडे गेली. जुन्या कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीचे कामही सोनीवर सोपवण्यात आले. त्याच महिन्यात निकॉनने एफ६ व एफएम१० वगळता आपले बहुतेक फिल्म कॅमेरे बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. एफ६ चे उत्पादन २०२० मध्ये थांबले.

आर्थिक स्थिती व सेवा

कंपनी सुस्थितीत असली, तरी जुन्या कॅमेऱ्यांची सेवा चालू राहतेच असे नाही. कॅननने ईओएस-१व्ही या कॅमेऱ्याचे उत्पादन २०१० मध्ये थांबवले व उरलेल्या साठ्याची विक्री २०१८ मध्ये संपल्याचे जाहीर केले. जपानमधील दुरुस्तीसाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत ठरवण्यात आली. सुटे भाग संपल्यास त्याआधीही दुरुस्ती नाकारली जाऊ शकेल, असे कंपनीने स्पष्ट केले होते. याउलट, २००५ च्या सुमारास गंभीर आर्थिक संकटात सापडलेल्या जर्मनीतील लायकाने नव्या भांडवलाच्या आधारे फिल्म कॅमेऱ्यांचे उत्पादन चालू ठेवले.

रचनेचा परिणाम

पूर्णपणे यांत्रिक कॅमेऱ्यातील दातेरी चाके, स्प्रिंगा व शटर यांची दुरुस्ती कुशल कारागीर करू शकतो; आवश्यक भाग दुसऱ्या नादुरुस्त कॅमेऱ्यातून काढता येतात किंवा नव्याने घडवता येतात. इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यात मात्र त्या विशिष्ट प्रारूपासाठी बनवलेले एकात्मिक परिपथ असतात. त्यांचे उत्पादन बंद झाल्यावर थोड्या संख्येने ते पुन्हा तयार करणे परवडत नाही. त्यामुळे अधिक प्रगत असलेला कॅमेरा अनेकदा जुन्या यांत्रिक कॅमेऱ्याच्या आधी निरुपयोगी ठरतो.

अलीकडील घडामोडी

लायकाने २०२२ मध्ये एम६ हा कॅमेरा पुन्हा बाजारात आणला. पेंटॅक्स नाममुद्रेची मालकी असलेल्या रिको कंपनीने जून २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ हा नवा फिल्म कॅमेरा सादर केला. बहुसंख्य जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची देखभाल मात्र आता स्वतंत्र कारागिरांवर आणि वापरलेल्या सुट्या भागांवर अवलंबून आहे.