ब्रेक ऑइल कमी होतंय, पण गळती दिसत नाही?

परवा शीळफाट्याच्या कोंडीत शेजाऱ्यांच्या जुन्या मारुती ८००चा ब्रेकचा लाल दिवा लागला. डबीत ऑइल ‘मिन’च्या खाली आणि गाडीखाली एक थेंब नाही! "वरून भरतो नि चालवतो," म्हणाले. तसं करू नका.

पॅड झिजले की पातळी महिनोन्महिने हळूहळू उतरते, ते साहजिक आहे. म्हणून आधी पॅड बघा. आठवड्या-दोन आठवड्यांत उतरली तर मात्र गळतीच.

जुन्या गाडीत माझा पहिला संशय मागच्या ड्रमवर. आतल्या व्हील सिलिंडरचं रबरी बूट हलकेच उचला. आत ओल दिसली की सिलिंडर गेला. लायनर भिजले असतील तर तेही बदला, धुऊन भागत नाही. हे ऑइल बराच काळ ड्रममध्येच राहतं, म्हणून जमीन कोरडी.

चारही चाकं, पाइप, होज कोरडे? मग मास्टर सिलिंडर. मागचं सील गेलं की ऑइल थेट बूस्टरमध्ये उतरतं. दोन नट सैल करून सिलिंडर जरा पुढे ओढला की कळतं. (पेडल हळूहळू खाली जातं पण पातळी तीच? मग सील आतल्या आत गळतंय.)

ऑइल डबीवर लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या, सीलबंद. ते हवेतली ओल शोषतं. ताज्या डॉट ३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, ओल धरल्यावर १४० पर्यंत येऊ शकतो. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता.

पेडल मऊ लागत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टो करा.

तुमची गाडी कोणती, ऑइल किती दिवसांत उतरतं? कमेंटमध्ये लिहा, बघू.