घरगुती चित्रसाहित्य

घरगुती चित्रसाहित्य म्हणजे स्वयंपाकघरात, अंगणात किंवा किराणा दुकानात सहज मिळणाऱ्या पदार्थांपासून घरीच तयार केलेले रंग, शाई, कोळसा, खळ, मळलेले पीठ इत्यादी चित्रकला व हस्तकलेचे साहित्य होय. कारखान्यात तयार झालेले रंग बाजारात येण्यापूर्वी चित्रकार, लेखनिक आणि रंगारी आपले साहित्य स्वतःच किंवा शिष्यांकरवी तयार करीत. आज अशा साहित्याचा वापर मुख्यतः शालेय उपक्रम, लोककला आणि पारंपरिक पद्धतींचा अभ्यास यांत आढळतो.

घटक

कोणत्याही रंगात किमान दोन घटक लागतात. एक रंगद्रव्य, म्हणजे न विरघळणारी रंगीत पूड. आणि दुसरे बंधक, म्हणजे ती पूड एकमेकांना व पृष्ठभागाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. पाणी किंवा तेल हे केवळ माध्यम असते. जलरंगातील पाणी उडून जाते आणि मागे डिंकात अडकलेली पूड उरते. हळद, बीट, चहा यांतून मिळतो तो रंग बहुतांशी विरघळणारा असतो. त्याला रंजक म्हणतात. रंजक कागदाच्या तंतूंत मुरतो, पूड मात्र वर थर धरते.

स्वयंपाकघर बंधकांच्या बाबतीत श्रीमंत आणि रंगद्रव्यांच्या बाबतीत गरीब असते. डिंक, अंडे, दूध, पिठाची खळ, मध ही उत्तम बंधके घराघरात असतात. याउलट खाद्यपदार्थांमधील बहुतेक रंग उन्हात काही दिवसांतच फिके पडतात. घरगुती रंगांविषयीची निराशा बहुधा यातूनच निर्माण होते. दोष बंधकाचा नसून रंगाचा असतो.

रंगद्रव्ये

टिकाऊपणाच्या दृष्टीने माती आणि काजळी यांना तोड नाही. गेरू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबडी झालेली माती. पिवळी माती ही तिचीच जलयुक्त बहीण. पिवळी माती तव्यावर भाजली की त्यातील पाणी निघून जाऊन ती तांबूस होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत तांबडी व पिवळी माती आणि काजळीचा काळा यांचा भरपूर वापर आहे. घरी माती वापरताना ती पाण्यात ढवळून जड वाळू खाली बसू देतात आणि वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओततात. त्यातून खाली बसलेला बारीक गाळ वाळवून खलात घोटतात. ही क्रिया दोन-तीन वेळा केल्यास रंग मऊ होतो.

पांढऱ्यासाठी तांदळाचे पीठ, खडू किंवा अंड्याचे कवच चालते. कवच उकळून, आतील पापुद्रा काढून, वाळवून बारीक वाटावे लागते. ही पांढरी पूड डिंकात बरी दिसते. तेलात कालवली की मात्र जवळजवळ पारदर्शक होते.

निळा रंग घरात दुर्मिळ आहे. पूर्वी कपड्यांना देण्यासाठी वापरली जाणारी नीळ अनेकदा कृत्रिम अल्ट्रामरीनची पूड असे आणि ती चित्रासाठीही उत्तम होती. परंतु व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने ती रंगहीन होते. हल्ली मिळणारी द्रवरूप नीळ हे बहुधा विरघळणारे रंजक असते, त्यामुळे दोन्ही एकच समजू नयेत.

हळदीतील कर्क्युमिन हे रंजक क्षाराच्या संपर्कात लाल होते. हळदीला चुना किंवा तत्सम क्षार लावून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. उजेडात मात्र हळदीचा रंग लवकर उडतो. बिटाचा रंग उष्णता व प्रकाश दोन्ही सोसत नाही. लाल कोबीचा रस आम्लात गुलाबी, क्षारात निळसर-हिरवा होतो. प्रयोग म्हणून तो मनोरंजक आहे, रंग म्हणून भरवशाचा नाही.

रंजकापासून पूड

विरघळणाऱ्या रंजकापासून न विरघळणारी पूड तयार करण्याची पद्धत जुनी असून ती घरीही करता येते. पळसाची फुले, झेंडूच्या पाकळ्या किंवा कांद्याची साले पाण्यात उकळून गाळून घेतात. त्या गरम पाण्यात तुरटी विरघळवतात आणि मग धुण्याच्या सोड्याचे पाणी थोडे थोडे ओततात. प्रत्येक वेळी फेस वर येतो, म्हणून भांडे निम्मेच भरलेले असावे. तुरटी व सोडा यांच्या क्रियेतून ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचा साका तयार होतो आणि तो रंजकाला आपल्याबरोबर खाली नेतो. हा साका रात्रभर बसू देऊन, फडक्यातून गाळून, दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवतात. धुण्यात कसूर झाल्यास उरलेले क्षार चित्रावर पांढऱ्या बुरशीसारखे फुलून येतात. अशा पुडीचा रंग मूळ काढ्यापेक्षा अधिक टिकतो. तरी गेरूची बरोबरी ती करू शकत नाही.

बंधके

डिंक: जलरंगासाठी बाभळीचा डिंक सर्वांत सोयीचा. डिंकाच्या लाडवांसाठी घरात आणलेला डिंक बाभळीचा असल्यास तोच चालतो. तो दुप्पट पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळतात. डिंक कतिरा मात्र पाण्यात विरघळत नाही, नुसता फुगतो. त्यामुळे जलरंगासाठी तो उपयोगी नाही. डिंकात थोडा मध मिसळल्यास वाळलेला रंग तडकत नाही आणि ओला कुंचला फिरवताच पुन्हा उठतो. मध जास्त झाल्यास पावसाळ्यात रंग चिकटच राहतो.

अंडे: अंड्याच्या बलकात रंगद्रव्य कालवून चित्र काढण्याच्या पद्धतीला टेंपेरा म्हणतात. तैलरंग रूढ होण्यापूर्वी युरोपातील लाकडी फळ्यांवरील चित्रे प्रामुख्याने याच पद्धतीने होत. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याच्या इ.स. १४०० च्या सुमाराच्या हस्तपुस्तिकेत तिचे तपशीलवार वर्णन आहे. बलक पांढऱ्यापासून वेगळा करून तळहातावर अलगद फिरवत कोरडा करतात, त्याचा पापुद्रा चिमटीत धरून टोचतात आणि आतील द्रव तेवढा वाटीत घेतात. पापुद्रा रंगात गेल्यास गुठळ्या होतात. बलकात पाणी, स्निग्धांश व त्यांना एकत्र ठेवणारे लेसिथिन हे तिन्ही असल्याने तो पाण्यात सहज मिसळतो, पण वाळून मुरल्यावर पाण्याने निघत नाही. थर काही क्षणांत वाळत असल्यामुळे रंग एकमेकांत मिसळता येत नाहीत. छटा बारीक रेघांच्या जाळीनेच साधावी लागते.

दूध: साय काढलेले दूध लिंबू किंवा व्हिनेगरने फाडल्यावर मिळणारा चोथा म्हणजे मुख्यतः केसीन हे प्रथिन. तो आंबटपणा जाईपर्यंत धुऊन त्यात थोडा भिजलेला चुना घोटला की रवाळ चोथ्याची गुळगुळीत, चिकट खळ होते. तिच्यात रंगद्रव्य मिसळून लाकूड, पुठ्ठा किंवा भिंत रंगवता येते आणि वाळल्यावर तो थर पाण्याला बराच दाद देत नाही. हे मिश्रण काही तासांतच वापरावे लागते. चुन्यामुळे त्यात हळद घालणे व्यर्थ ठरते, कारण ती लाल होते. गेरू आणि काजळी मात्र चुन्याने बदलत नाहीत. सायीचे दूध वापरल्यास स्निग्धांशामुळे पकड कमी होते.

शाई

काजळीची शाई हे घरगुती चित्रसाहित्याचे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणता येईल. भारतातील असंख्य हस्तलिखित पोथ्या बोरूने व काजळीच्या शाईने लिहिलेल्या आहेत. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर धातूचे ताट अशा उंचीवर धरतात की ज्योत त्याला टेकावी. ज्योतीला पुरेशी हवा न मिळाल्याने कार्बन पूर्ण जळत नाही आणि ताटाच्या तळाशी बसतो. ही काजळी पिसाने झटकून गोळा करतात. ती तेलकट असल्याने पाण्यावर तरंगते. म्हणून ती आधी दाट डिंकाच्या पाण्यात घोटतात आणि नंतर पातळ करतात. घोटणे हेच या कामाचे मर्म आहे; घाईने केलेली शाई तळाशी बसते. डिंक कमी पडल्यास वाळलेली अक्षरे बोटाला लागतात, जास्त झाल्यास रेघ चकाकते आणि कागद दुमडताच तडकते. डोळ्यांत घालण्याच्या काजळात तूप किंवा एरंडेल असते, त्यामुळे ते शाईसाठी निरुपयोगी आहे. कार्बन उजेडाने उडत नाही आणि कागदाशी त्याची रासायनिक क्रियाही होत नाही.

दुसरा प्रकार लोहाच्या शाईचा. हिरड्यातील टॅनिनची लोहक्षाराशी क्रिया होऊन काळा रंग तयार होतो. हिरडे कुटून रात्रभर भिजवतात, उकळतात व गाळून त्यात हिराकस, किंवा गंजलेले खिळे मुरवलेले व्हिनेगर मिसळतात. लिहिताना अक्षर फिके असते; हवेतील ऑक्सिजनने ते हळूहळू काळे होते. आंध्र प्रदेशातील श्रीकालहस्ती येथील कलमकारीत हेच तत्त्व कापडावर वापरले जाते. कापड आधी हिरडा व म्हशीच्या दुधात भिजवून वाळवतात आणि त्यावर लोखंड व गूळ आंबवून केलेल्या द्रवाने रेघ ओढतात. दुधातील स्निग्धांश रेघ फाकू देत नाही. कागदावर मात्र ही शाई धोक्याची ठरू शकते. तिच्यातील आम्ल व लोह यांमुळे कागद ठिसूळ होतो आणि काही जुन्या कागदपत्रांत अक्षरांच्या जागी भोके पडलेली आढळतात. जपून ठेवायच्या लेखनासाठी त्यामुळे काजळीची शाईच श्रेयस्कर.

पूड पाण्यात कालवून शाई करण्याची सवय महाराष्ट्रात विसाव्या शतकातही होती. मुंबईत १९३१ साली सुरू झालेल्या दांडेकर आणि कंपनीचे, म्हणजे पुढील कॅम्लिनचे, आरंभीचे उत्पादन 'हॉर्स ब्रँड' ही शाईची पूड व वड्या हेच होते.

वारली चित्रातील पांढरा

पालघर जिल्हा व परिसरातील वारली समाजाच्या भित्तिचित्रांत साहित्य अगदी मोजके असते. कुडाची भिंत माती-शेणाने सारवून तिच्यावर गेरूचा हात देतात; तांदूळ वाटून केलेल्या पांढऱ्या पाण्याने, टोक चेचलेल्या बांबूच्या काडीने चित्र काढतात. ओले असताना रेघ अस्पष्ट दिसते आणि वाळताना पांढरी उमटते, त्यामुळे हात सरावाचा असावा लागतो. लग्नातील चौक लिहिण्याचे काम परंपरेने सुवासिनी करीत. ते चित्र विधीपुरते असल्याने वर्षानुवर्षे टिकणे अपेक्षितच नव्हते. जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांच्यासारख्या कलावंतांमुळे ही कला कागद व कापडावर आली, तेव्हा टिकाऊपणाचा प्रश्न प्रथमच उभा राहिला. आता विक्रीच्या चित्रांत तांदळाच्या जागी बहुधा तयार पांढरा रंग वापरला जातो.

इतर साहित्य

मैदा किंवा गव्हाच्या पिठाची खळ शिजवताना पीठ प्रथम थंड पाण्यात कालवून मग मंद आचेवर ढवळतात. दाट व अर्धपारदर्शक झाली की ती तयार समजतात. चिंचोक्याची खळ अधिक चिवट असते. ओडिशातील पट्टचित्राचे कापड तिने आणि खडूच्या पुडीने तयार करतात. दोन भाग मैदा, एक भाग मीठ व लागेल तसे पाणी यांचे मळलेले पीठ लहान मुलांच्या मूर्तिकामासाठी वापरतात. अमेरिकेत १९५६ साली बाजारात आलेले 'प्ले-डो' हेही मूळचे भिंतीवरील कागद पुसण्यासाठी केलेले पिठाचेच मिश्रण होते. रेखाटनाचा कोळसा करण्यासाठी साल काढलेल्या सुक्या काड्या झाकणाला एकच बारीक छिद्र असलेल्या पत्र्याच्या डब्यात भरून डबा उघड्यावर चुलीत ठेवतात. छिद्रातून धूर येणे थांबले की तो काढतात, पण पूर्ण गार होण्यापूर्वी उघडत नाहीत. हवा लागताच काड्या पेट घेऊन राख होतात.

साठवण आणि सुरक्षितता

डिंक, खळ, अंडे व दूध यांवर बुरशी आणि जीवाणू लवकर वाढतात. खळ शीतकपाटात चार-पाच दिवस राहते. अंड्याचा रंग त्याच दिवशी संपवणे योग्य. लवंगेच्या तेलाचे एक-दोन थेंब बुरशी लांबवतात. पुस्तकबांधणीच्या खळीत पूर्वीपासून मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने मुलांच्या वापरातील खळीत कधीही घालू नये.

'घरगुती' म्हणजे निरुपद्रवी असा समज चुकीचा आहे. पूजेच्या दुकानात मिळणारा पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड, हिंगूळ पाऱ्याचा आणि हरताळ आर्सेनिकचा सल्फाइड आहे. जुन्या चित्रकारांनी हे तिन्ही वापरले, तरी घरी त्यांची पूड करणे किंवा मुलांच्या हाती देणे घातक आहे. लालसाठी गेरू आणि पिवळ्यासाठी पिवळी माती हे सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत. चुना त्वचेला व विशेषतः डोळ्यांना इजा करतो. मिठाच्या पिठात मीठ इतके असते की लहान मूल किंवा कुत्र्याने ते बरेच खाल्ल्यास विषबाधा होऊ शकते. काजळी व कोणतीही बारीक पूड कोरडी असताना नाकातोंडावर फडके बांधतात, आणि तुरटी, हिराकस किंवा चुन्यासाठी वापरलेली भांडी पुन्हा स्वयंपाकात घेत नाहीत.