तिसऱ्या माणसाची गोष्ट

युद्ध संपलें म्हणजे त्याचीं पापें संपतात असें नाहीं. 'द थर्ड मॅन' हा इंग्रजी बोलपट आम्हांस हेंच सांगतो. तो १९४९ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचे दिग्दर्शक कॅरोल रीड व कथालेखक ग्रॅहम ग्रीन. ग्रीन हे युद्धकाळांत ब्रिटिश गुप्तहेर खात्यांत असून पश्चिम आफ्रिकेंतील फ्रीटाउन येथें काम करीत होते. तेव्हां लपूनछपून वागण्याची विद्या त्यांस परकी नव्हती.

१९४५ पासून १९५५ पर्यंत व्हिएन्ना शहर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व रशिया यांच्यांत वांटलेलें होतें. एका विभागांतला अपराधी दुसऱ्या विभागांत शिरला कीं त्यास धरणें कठीण होई. औषधें दुर्मिळ झालीं आणि काळा बाजार माजला. १९४८ सालीं ग्रीन तेथें गेले असतां शहराखालचीं प्रचंड गटारें व पेनिसिलिनचा चोरटा व्यापार यांची हकीकत त्यांच्या कानीं आली. तेंच कथेचें बीज.

मार्टिन्स नांवाचा लेखक आपला बाळमित्र लाइम याच्या बोलावण्यावरून व्हिएन्नास येतो, तों त्याच्या दफनविधीसच हजर होतो! अपघातस्थळावरून प्रेत उचलणारे दोघे सांपडतात. परंतु तेथें तिसराहि होता असें इमारतीचा रखवालदार सांगतो. तो तिसरा माणूस म्हणजे खुद्द लाइम! पेनिसिलिनमध्यें भेसळ करून विकणारा हा मनुष्य मेल्याचें सोंग करून रशियन विभागांत दडलेला असतो.

अशा भेसळीनें काय होतें? औषध अपुरें पडलें कीं रोगजंतु सगळे मरत नाहींत; जे तगतात त्यांच्यावर पुढें तें औषध चालेनासें होण्याचा संभव असतो. पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांतच हा इशारा दिला होता.

प्रेटर बागेंत १८९७ सालीं उभारलेला सुमारें ६५ मीटर उंचीचा पाळणा आहे. त्यांतून खालीं बोट दाखवून लाइम मित्रास विचारतो, त्या ठिपक्यांपैकीं कांहीं थांबले तर तुझें काय गेलें? या प्रश्नाचें उत्तर मार्टिन्सला पुढें मुलांच्या रुग्णालयांत मिळतें. तेथें आजारी मुलें आपल्याला दिसत नाहींत. पाहणाऱ्यांचे चेहरे मात्र दिसतात. उंचावरून जो ठिपका दिसतो, तो खाटेजवळ गेल्यावर कोणाचें तरी मूल असतो. मार्टिन्स पोलिसांस साहाय्य करतो आणि गटारांतील पाठलागाअंतीं त्याच्याच गोळीनें लाइम मरतो.

मित्रास पकडून देणें योग्य काय, असें विद्यार्थी आम्हांस विचारतात. आम्हांस वाटतें, मैत्री जपावी. परंतु तिची किंमत तिऱ्हाइताच्या लेकरानें कां द्यावी? हें कर्तव्य स्वस्त नाहीं. शेवटीं लाइमची प्रेयसी ॲना मार्टिन्सकडे न पाहतां निघून जाते. ग्रीन यांस शेवट गोड हवा होता. रीड यांनीं तो नाकारला, आणि रीड यांचेंच बरोबर होतें असें ग्रीन यांनीं पुढें मान्य केलें. योग्य तें करणारास बक्षीस मिळेलच असें नाहीं. तरीहि तें करावें लागतें. मुलांनो, हें आतांच मनाशीं ठरवून ठेवा. प्रसंग सांगून येत नसतो.