परस्परपर्यायी सुटे भाग : नाव, माप आणि कार्य

जुन्या मोटारीचा एखादा भाग झिजला आणि तो घडविणारा कारखाना बंद झालेला असला, म्हणजे मालकापुढे जो प्रश्न उभा राहतो तो वरवर पाहता केवळ यंत्रविद्येचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी भाषाभ्यासकाच्या चांगल्या परिचयाचा एक प्रश्न आहे. एका घटकाच्या जागी दुसरा घटक ठेवला असता संपूर्ण रचना पूर्ववत् राहते की बदलते, हे पाहण्याच्या रीतीस आपण पर्यायन-कसोटी म्हणतो. ही कसोटी मोटारीच्या सस्पेन्शनला व ब्रेकला कशी लागू पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. उदाहरणासाठी फियाट ११०० डी आणि तिचेच पुढील नामांतर असलेली प्रीमियर पद्मिनी ही मोटार घेतली आहे.

विनिमेय भागांची कल्पना सोलापूर जिल्ह्यास नवी नव्हे. कुर्डुवाडीहून बार्शीस जाणारी बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. अडीच फूट रुंदीच्या त्या मार्गाची आखणी करताना एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअराने एक नियम घालून घेतला : इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही. डबेही त्याने समान मापाच्या दाबीव पोलादी सांगाड्यांवर उभारले. याच रेल्वेच्या पुढील बांधकामाचा ठेका घेऊन सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत आपल्या ठेकेदारीचा आरंभ केला, आणि १९४४ साली त्याच वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात ११०० डी ही मोटार १९६४ पासून तयार होऊ लागली. पुढे तिला पद्मिनी हे नाव मिळाले व शतकाच्या अखेरीपर्यंत ती मूळ रचनेत फारसा बदल न होता निघत राहिली. मुंबईतील तिची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आज कुर्डुवाडीसारख्या गावी ज्याच्या दारात अशी गाडी आहे, त्यास सुट्या भागांसाठी सोलापूर, पुण्याची नाना पेठ, मुंबईचे ऑपेरा हाउस किंवा कुर्ल्याचा भंगार बाजार यांकडे पाहावे लागते. तेथे समोर येणारा भाग आपल्या गाडीस चालेल की नाही, हे ठरवावे कसे?

प्रथम नावाचा विचार करू. नाव हा ओळखीचा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुबळा आधार होय. मराठीत ‘जग’ असे लिहिले, तर ते ‘विश्व’ या अर्थाचे की ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप, हे लेखनावरून कळत नाही. उच्चारातील ‘ज’ मात्र दोन्ही ठिकाणी भिन्न आहे. दुकानातील ‘शॉकप’, ‘लायनर’, ‘पाटा’ या शब्दांचीही स्थिती अशीच आहे. शब्द एक, पण त्याखाली मोडणाऱ्या वस्तू अनेक. कित्येकदा नाव केवळ अपुरे नसते, ते घातकही ठरते. गॅरेजमध्ये ज्यास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, तो पदार्थ तेल नव्हेच. तो बहुधा ग्लायकोल वर्गातील द्रव असतो. नावावर विसंबून कोणी त्या जागी खनिज तेल ओतले, तर सिलिंडरातील रबर फुगते व ब्रेक निकामी होतात. येथे शब्दाची चूक थेट जिवावर बेतते.

नावापेक्षा क्रमांक बरा, परंतु क्रमांकांचेही दोन प्रकार आहेत. कंपनीच्या यादीतील क्रमांक हे यादृच्छिक चिन्ह असते. त्यावरून वस्तूचे कोणतेही माप कळत नाही; यादी हरवली की त्याचा अर्थही हरवतो. चाकाच्या हबमधील किंवा अन्यत्र असणाऱ्या बेअरिंगच्या कड्यावर कोरलेला प्रमाणित क्रमांक मात्र सार्थ असतो. उदाहरणार्थ, ६२०४ या क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांस ५ ने गुणले की आतील छिद्राचा व्यास २० मिलिमीटर मिळतो. बाहेरील व्यास ४७ व रुंदी १४ मिलिमीटर ही मापेही ठरलेली आहेत. त्यापुढे ‘सी ३’ असे अक्षर असल्यास ते प्रत्ययासारखे काम करते व आतील मोकळीक नेहमीपेक्षा अधिक असल्याचे सांगते. म्हणून बेअरिंगचा शोध मोटारीच्या नावाने न करता कोरलेल्या क्रमांकाने करावा. तेच बेअरिंग एखाद्या शेतीयंत्रात किंवा विजेच्या मोटारीतही सापडणे शक्य आहे.

तिसरी पायरी मापाची. डोळ्यांस सारखे दिसणे हा येथे पुरावा नव्हे. फियाटचे आटे मेट्रिक मापाचे; ब्रिटिश वंशाच्या गाड्यांत इंची आटे आढळतात. ब्रेकच्या नळीचा ३/८ इंची, इंचास २४ आट्यांचा नट घेतला, तर त्याचा व्यास ९.५ मिलिमीटर व आट्यांतील अंतर १.०६ मिलिमीटर भरते. १० मिलिमीटर व्यासाच्या, १ मिलिमीटर अंतराच्या छिद्रात तो काही फेरे सहज जातो आणि बसल्याचा भास होतो. प्रत्यक्षात आट्यांची पकड अगदी वरवरची असते व जोरदार ब्रेक लावताच ती सुटू शकते. स्प्रिंगच्या बाबतीतही तेच. पद्मिनीच्या पुढील चाकांस वेटोळ्याच्या स्प्रिंगा आणि मागील आसास पाटे असतात. वेटोळ्याच्या स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार १२ ऐवजी १३ मिलिमीटर घेतली व बाकी मापे तीच ठेवली, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के अधिक ताठ होते. बोटाला न जाणवणारा फरक रस्त्यावर मात्र ठळकपणे जाणवतो. शॉकप निवडताना वरखालच्या जोडांबरोबरच त्याची पूर्ण मिटलेली व पूर्ण ताणलेली लांबी मोजावी. मिटलेली लांबी अधिक असल्यास खड्ड्यात आस रबरी ठोकळ्यावर टेकण्यापूर्वी शॉकपच आपटतो.

चौथी व निर्णायक पायरी कार्याची. वाक्यात एखादा शब्द व्याकरणदृष्ट्या चपखल बसतो, परंतु अर्थ पालटतो. तसेच एखादा भाग जागी अचूक बसूनही यंत्रणेचा तोल बिघडवतो. मूळ मास्टर सिलिंडर ३/४ इंची असता कोणी ७/८ इंची बसविला, असे समजा. जोड जुळले, गळती नाही, पेडलही कमी दबते, म्हणून ब्रेक सुधारल्यासारखे वाटते. परंतु दट्ट्याचे क्षेत्रफळ ३६ : ४९ या प्रमाणात वाढल्यामुळे पायाच्या तेवढ्याच जोरात मिळणारा दाब सुमारे ७३ टक्क्यांवर येतो. चाकांजवळच्या सिलिंडरांचेही तसेच आहे. ब्रेक लागताच भार पुढे सरकतो, म्हणून पुढील व मागील चाकांची ब्रेकशक्ती हेतुतः भिन्न ठेवलेली असते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे, तर त्यांचे वितरण पूरक असते. मागे मोठा सिलिंडर बसविल्यास मागील चाके आधी जखडतात व गाडी आडवी फिरते. ज्या जुन्या गाड्यांत एकच मंडल चारही चाकांस दाब पुरवते, त्यांत एका जागच्या गळतीने चारही ब्रेक जातात, हेही विसरता कामा नये.

यावरून व्यवहारास उपयोगी असा एक क्रम हाती येतो. मूळ भाग उतरवून तो फेकू नये. तोच खरा मापदंड होय. त्याचे जोड, मापे व कार्य ही तिन्ही नोंदवून मग बाजारात जावे. नट, बोल्ट, बेअरिंग, पाट्यांचे बुश यांत पर्यायास बरीच मोकळीक आहे. स्प्रिंगा, शॉकप व लायनर एका आसावर नेहमी जोडीनेच बदलावे. ब्रेकचे रबर मात्र नवेच घ्यावे. वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेले ‘अस्सल’ रबर न वापरताही कडक झालेले असू शकते. तेथे अस्सलपणापेक्षा ताजेपणास अधिक किंमत आहे. शेवटी मोकळ्या जागी, मंद गतीने, चारही ब्रेक तपासल्यावाचून गाडी हमरस्त्यावर नेऊ नये.

एखाद्या घटकाचे मूल्य त्या घटकात नसून इतर घटकांशी असलेल्या त्याच्या संबंधांत असते, हे तत्त्व आपण भाषेच्या अभ्यासात पहिल्या वर्षीच शिकतो. मोटारीतही ते तितकेच खरे आहे. भेद इतकाच की, भाषेत चुकीचा पर्याय निवडला तर ऐकणारा पुन्हा विचारतो. उतारावर निघालेली गाडी मात्र पुन्हा विचारीत नाही.