गोळी गोड, क्षार बारा!

पांढरी, चपटी, जिभेवर ठेवताच विरघळणारी ती गोड गोळी आठवतेय? बाराक्षाराची! लहानपणी जिने ती औषध म्हणून कमी आणि खाऊ म्हणून जास्त मटकावली, त्या समस्त गँगने हात वर करा. आज त्या बाटल्यांची झाकणं उघडूया!

माहीत आहे का, बाराक्षाराचं माहेर जर्मनीत आहे? ओल्डेनबुर्ग शहरातले होमिओपॅथ डॉ. विल्हेल्म हाइनरिश श्युस्लर यांना औषधांचा भलामोठा पसारा नको होता. १८७३ मध्ये त्यांनी लेख लिहिला, १८७४ मध्ये पुस्तिका काढली. नाव काय? ‘संक्षिप्त उपचारपद्धती’! पेशीत एखाद्या क्षाराचं गणित बिघडलं की माणूस आजारी पडतो, मग तोच क्षार अगदी सूक्ष्म मात्रेत द्या, अशी त्यांची थिअरी.

या बारा क्षारांची नावं भारदस्त, माल ओळखीचा! नॅट्रम मूर म्हणजे आपलं जेवणातलं मीठ. सिलिसिया म्हणजे वाळूत आणि गारगोटीत असतं ते सिलिका. कॅल्केरिया फॉस हाडादातांच्या खनिजाचा सख्खा नातेवाईक.

आणि कॅल्केरिया सल्फ? प्लास्टर ऑफ पॅरिसच्या घराण्यातला! म्हणजे मोडलेल्या हाताचं प्लास्टर, पीओपीची गणेशमूर्ती आणि ही गोळी, केमिस्ट्री एकच. गंमत पुढे आहे. हा शरीराचा कायमचा घटक नाही, असं ठरवून खुद्द श्युस्लर यांनी पुढे त्याला यादीतून काढलं. उरले अकरा. पण अनुयायांनी बाराव्या खेळाडूला पुन्हा मैदानात उतरवलंच!

आता जरा आकडेमोड. बाटलीवर ‘६ एक्स’ लिहिलेलं असतं ना? एक भाग क्षार, नऊ भाग दुधाची साखर, खलात घोटायचं. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा नऊ भाग साखर. असं सहा वेळा. शेवटी क्षार उरतो दहा लाखांत एक भाग! म्हणजे नॅट्रम मूर ६ एक्समधून एक ग्रॅम मीठ मिळवायचं, तर गोळ्या लागतील तब्बल एक टन. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, इथे आवडतीचंही अळणीच! ‘१२ एक्स’मध्ये तर त्याच एका ग्रॅमसाठी दहा लाख टन गोळ्या!

बाकी सगळी दुधाची साखर. म्हणून तर गोड. दूध पचत नसेल किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

परंपरेत कोण कशासाठी? तापाची कणकण दिसली की फेरम फॉस. परीक्षेचं टेन्शन, डोक्याला शीण? काली फॉस. आंबट ढेकर? नॅट्रम फॉस. पेटके आले, पोटात कळ आली की मॅग फॉस.

या मॅग फॉसचा जर्मनीत वेगळाच थाट आहे. तिथे क्षारांना नंबर असतात आणि हा सात नंबरी. दहा गोळ्या गरम पाण्यात विरघळवून घोट घोट प्यायच्या, म्हणून नाव पडलं ‘हॉट सेव्हन’! ढवळायला धातूचा चमचा चालत नाही, लाकडी हवा, अशीही प्रथा.

इथे एक ब्रेक, आणि हा नीट वाचा. हे सगळे उपयोग परंपरेने चालत आलेले आहेत, चाचण्यांचा भक्कम पुरावा त्यांच्यामागे नाही. रक्त कमी असेल तर लोहाचा क्षार म्हणून फेरम फॉसच्या भरवशावर राहू नका. ताप उतरत नसेल, छातीत दुखत असेल, तर थेट दवाखाना गाठा. चालू औषधं परस्पर बंद करू नका.

चला, पुढे! आपल्याकडे क्षारांची कॉम्बो-पॅकही मिळतात, ‘बीसी’ १ ते २८. बाळाला दात येताना २१ नंबर, मूळव्याधीला १७, टॉनिक म्हणून २८.

जर्मनीतले कुर्ट हिकेटियर तर चेहरा बघून क्षार ठरवायचे! गालावर विशिष्ट लाली दिसली की मॅग फॉस.

आणि माहीत आहे का, अमेरिकेत जॉर्ज कॅरी यांनी बारा क्षार थेट बारा राशींना वाटून टाकले? मेषेला काली फॉस, सिंहेला मॅग फॉस, मकरेला कॅल्केरिया फॉस, मीनेला फेरम फॉस. वृश्चिकवाल्यांनो, तुमच्या वाट्याला कोण आलं सांगू? तोच तो, टीममधून काढलेला कॅल्केरिया सल्फ!