विमान वळतं ते कलून

शेपटीवर उभं सुकाणू दिसतं, त्यामुळे विमान होडीसारखं वळत असेल असा पुष्कळांचा समज असतो. नुसतं सुकाणू, म्हणजे रडर, फिरवलं तर नाक बाजूला वळतं खरं, पण विमान बरंचसं जुन्याच दिशेने आडवं घसरत राहतं. वळवण्याचं खरं काम पंख करतात.

पंखांची उचल त्यांच्याशी काटकोनात लागते. विमान डावीकडे कललं की उचलीचा काही हिस्सा डावीकडे ओढतो आणि विमान वळू लागतं. कलवायला पंखांच्या मागच्या कडेला बिजागरीवर फळ्या असतात, त्या एलेरॉन. एका पंखाची फळी खाली झुकते, त्याची उचल वाढते. दुसऱ्याची वर जाते, उचल घटते. पण उचलीचा वाटा असा आडवा खर्ची पडला की विमान उंची गमावू लागतं, म्हणून शेपटीवरचं एलिव्हेटर किंचित वर करून नाक उचलावं लागतं. ६० अंश कलून उंची राखायची तर पंखांवर दुप्पट भार येतो. प्रवासी विमानं सहसा ३० अंशांच्या आतच कलतात.

विल्बर आणि ऑर्व्हिल या राइट बंधूंचं मोठेपण मला इंजिनापेक्षा इथे दिसतं. १८९९ साली सायकलच्या ट्यूबचं रिकामं खोकं विल्बरच्या हातात सहज पिळलं गेलं. टोकं उलटसुलट वळली, आणि विमान कलवायला पंखही असेच पिळता येतील हे त्याला सुचलं. १९०१च्या ग्लायडरने मात्र त्यांना चकवलं: कलवलं एकीकडे, नाक गेलं दुसरीकडे! ज्या पंखाची उचल वाढते, त्याला हवेचा अडथळाही वाढतो आणि तो मागे खेचला जातो. १९०२च्या ग्लायडरला त्यांनी घट्ट बसवलेली उभी शेपूट दिली, तरी ते अधूनमधून गिरकी घेत वाळूत आपटायचं. शेपूट हलती करू, असं ऑर्व्हिलने सुचवलं. ती पंख पिळणाऱ्या तारांनाच जोडू, असं विल्बरने. १९०६ साली त्यांना पेटंट मिळालं ते या ग्लायडरच्या रचनेवर, इंजिनावर नव्हे.

पंखामागची खिडकी मिळाली तर वळताना नीट पाहावं. खाली जाणाऱ्या पंखावर स्पॉयलरच्या पट्ट्याही वर उठतात. त्या तिथली उचल मारतात आणि अडथळा वाढवतात, त्यामुळे नाक वळणाच्याच बाजूला राहायला मदत होते. अनेक मोठ्या जेट विमानांत वेग वाढला की टोकाकडचे एलेरॉन मात्र जागच्या जागी रोखून ठेवतात. तेवढ्या वेगात ते हलले, तर हवेच्या दाबाने लवचीक पंखच उलटा पिळला जाण्याची भीती असते.